वरून पाहिलेलं माहेर



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हिशेब लवकर आटोपला, म्हणून एकीच्या मुलीने लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडलं आणि पनवेलजवळचा भाग आकाशातून दाखवला. आजचा नाही, आधी जुना.

उलव्याची टेकडी, खाडीकडे जाणारी उलवे नदी, शेतं आणि मधे मधे घरांचे पुंजके. मग ती एकेक वर्ष पुढे आली. टेकडी कापली गेली. तिचाच दगड दलदलीत भराव म्हणून पडला. नदी वळवली. शेवटी एक लांब सरळ रेघ उमटली, ती विमानतळाची धावपट्टी. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालं तेच हे नवी मुंबई विमानतळ.

बैठकीत एक आजी होत्या. त्यांचं माहेर कोल्ही. विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, तरघर अशी जी गावं उठली, त्यांतलंच ते एक. आजींनी पडद्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "इथं आमची विहीर होती." चित्रात झाडं दिसत होती, छपरं दिसत होती. विहिरीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. ते फक्त आजींना ठाऊक होतं.

बायांनो, शहर एका रात्रीत येत नाही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसू लागली. 1972 पासून लँडसॅट उपग्रह पृथ्वीची चित्रं घेत आहेत. त्यामुळे हा बदल वर्षागणिक पाहता येतो.

आपणही पाहू या. दोन वर्षांची चित्रं ताडताना महिना सारखा घ्या. श्रावणातलं हिरवं आणि वैशाखातलं करपलेलं शेजारी ठेवलं, तर फसगत होईल. चित्राची तारीख लिहून ठेवा. आपला वहाळ पूर्वी कुठून वाहायचा, कुठे अरुंद झाला, ते शोधा. वहाळ बुजला की पावसाचं पाणी आपल्याच घरात शिरतं. ग्रामसभेत नुसतं तोंडाने सांगण्यापेक्षा दोन चित्रं समोर ठेवली, तर बोलण्याला वजन येतं. मात्र जमीन कोणाची, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी सातबारा आणि मोजणीच लागते.

आणि एक काम आजच करा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवून विहिरींची, पाणवठ्यांची, शेतांची नावं वहीत उतरवा. जमीन आकाशातून दिसेल, नावं दिसणार नाहीत.