मॅडमनी पुस्तक सांगितलंय

गेल्या काही वर्षांत आमच्या वाचनालयात एक नवी चिठ्ठी यायला लागली आहे. मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. चिठ्ठ्या आम्हाला पूर्वीही यायच्या. आजोबा नातवाच्या हाती पाठवायचे, पुढचा खंड द्या म्हणून. ही नवी चिठ्ठी मात्र चार घड्या घातलेली असते आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून निघते. तिच्यावर एका पुस्तकाचं नाव, फार तर लेखकाचं आडनाव. समोरचं माणूस इकडेतिकडे बघतं, आवाज खाली आणतं आणि म्हणतं, “मॅडमनी सांगितलंय वाचायला.” कुठल्या मॅडमनी, हे मी विचारत नाही. जिल्ह्याच्या गावी समुपदेशक बसतात, मानसोपचारतज्ज्ञ बसतात. त्यांच्यापैकी कुणीतरी.

आज मला बोलायचं आहे ते या चिठ्ठीनंतर काय होतं त्याबद्दल. ज्यांच्या गोष्टी सांगणार आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

चिठ्ठी हातात पडल्यावर पहिली भावना बऱ्याचदा दुखावल्याची असते. एक बाई मला म्हणाल्या, “ताई, मी तासभर रडून सगळं सांगितलं. वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आणि शेवटी त्यांनी मला पुस्तकाचं नाव दिलं.” त्यांचं दुखणं मला पटलं. माणसाजवळ मन मोकळं करावं आणि त्याने कागद पुढे करावा, तसं त्यांना झालं होतं. दुसऱ्या टोकाला असतात ते अभ्यासू लोक. पुढची भेट सोमवारी असेल तर शनिवारपर्यंत शेवटचं पान गाठायचंच, अशा जिद्दीने ते वाचतात. आणि या दोघांच्या मध्ये एक मोठा गट आहे. तो पुस्तक नेतो, वर्तमानपत्राचं कव्हर घालतो, दहा-बारा पानं वाचतो, मुदतीत परत करतो आणि मॅडमना जाऊन सांगतो, “छान होतं.”

या “छान होतं”ची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपल्याकडे डॉक्टरांना आणि गुरुजींना उलट सांगायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. गोळी लागू पडली नाही तर तेवढं तरी आपण सांगतो. पुस्तक लागू पडलं नाही तर कमीपणा आपल्याकडे येतो असं वाटतं. आपलं शिक्षण कमी, आपली समज कमी. मग माणूस गप्प बसतं.

पुस्तक लिहून देण्याची ही पद्धत काही ठिकाणी फार विचारपूर्वक उभी केली गेली. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफ शहरात, नील फ्रूड नावाच्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक योजना सुरू केली. नैराश्य, चिंता अशा त्रासांवरच्या ३५ पुस्तकांची यादी त्यांनी केली. डॉक्टर औषधासारखंच पुस्तक लिहून देणार आणि रुग्ण ती चिठ्ठी घेऊन सार्वजनिक ग्रंथालयात जाणार. २००५ पर्यंत योजना वेल्सभर गेली, २०१३ मध्ये इंग्लंडमध्येही तशीच सुरू झाली. ग्रंथपाल म्हणून मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते, की तिथल्या खिडकीवरच्या माणसाला अशी चिठ्ठी येणार हे आधीपासून माहीत होतं. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव शासनमान्य ग्रंथालयं आहेत. असं काही इथे सहज उभं राहू शकेल. तो विषय वेगळ्या भाषणाचा आहे.

अशा चिठ्ठ्यांवर जगभर ज्याचं नाव सर्वाधिक आलं असेल अशा पुस्तकांपैकी एक म्हणजे डेव्हिड बर्न्स या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं ‘फीलिंग गुड’. १९८० मध्ये ते निघालं. अ‍ॅरन बेक यांची विचार तपासण्याची उपचारपद्धती त्यांनी सामान्य वाचकासाठी लिहिली. त्यात वहीत तीन रकाने आखायला सांगितले आहेत. पहिल्यात मनात आलेला विचार जसाच्या तसा. दुसऱ्यात त्या विचारातली खोट. तिसऱ्यात त्याला दिलेलं सडेतोड उत्तर. अलाबामा विद्यापीठातल्या फॉरेस्ट स्कोगिन आणि सहकाऱ्यांनी हे पुस्तक नुसतं वाचायला देऊन काय होतं ते तपासलं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात नैराश्य असलेली ८० माणसं होती. काहींना लगेच पुस्तक दिलं, चार आठवड्यांची मुदत दिली. बाकीच्यांना थांबायला सांगितलं. ज्यांनी वाचलं त्यांचं नैराश्य स्पष्टपणे कमी झालं.

हे सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा गाळली जाते. त्या वाचकांना दर आठवड्याला संशोधकांचा एक छोटा फोन जायचा. त्या फोनवर उपचार होत नसत. कुठवर आलात, काही अडतंय का, एवढीच चौकशी. पुढे स्वयंसाहाय्यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित ताळा मांडला गेला, तेव्हाही हेच दिसलं, की नुसत्या पुस्तकापेक्षा पुस्तकाबरोबर कुणाची तरी साथ असेल तर गुण जास्त येतो. मला यातून कळतं ते इतकंच, की चिठ्ठी लिहून देणाऱ्याने पुढच्या भेटीत विचारलं पाहिजे आणि वाचणाऱ्याने खरं सांगितलं पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी पुस्तक नुसतं घरी जाऊन येतं.

खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सर्वांत सोपं आणि सर्वांत अवघड वाक्य हे, की “मॅडम, माझ्याच्याने वाचून होत नाही.” नैराश्यात एकाग्रता जाते. डॉक्टर निदान करताना जी लक्षणं विचारतात त्यात हे एक आहे. एकेकाळी आठवड्याला दोन कादंबऱ्या बदलून नेणारे आमचे एक सभासद तेच पान चारदा वाचायचे आणि चारही वेळा कोरेच राहायचे. त्यांना तो स्वतःचा आळस वाटत होता. वाचता न येणं हा त्यांच्या आजाराचाच भाग होता आणि उपचार करणाऱ्याला तो कळणं फार गरजेचं होतं. कदाचित मग पूर्ण पुस्तकाऐवजी दोन पानं द्यायची, कदाचित औषधाचा विचार करायचा, हे ठरवता येतं. “छान होतं” म्हटलं की ती वाट बंद होते.

एका गृहिणीने मला तिची वही दाखवली होती. किराण्याच्या हिशेबाची वही, मागच्या पानांवर पट्टीने तीन रकाने आखलेले. पहिल्या रकान्यात निळ्या शाईत एकच ओळ. ‘सासूबाई सकाळपासून बोलल्या नाहीत, म्हणजे माझं काहीतरी चुकलं.’ पुढचे दोन रकाने रिकामे. दुसऱ्या रकान्यात पेनचं टोक टेकवून टेकवून निळे ठिपके झाले होते. तिने मला विचारलं, “यात काय लिहायचं असतं हो ताई?” ते सांगणं माझं काम नव्हतं. मी म्हटलं, “वही अशीच घेऊन जा.” ती म्हणाली, “अर्धवट? त्या काय म्हणतील?” मी आग्रह धरला. ठिपक्यांसकट ती वही बघून तिच्या मॅडमना जे समजेल ते तिने पूर्ण भरून आणलेल्या वहीतून समजणार नाही, अशी माझी खात्री होती आणि अजून आहे.

दुसरी गोष्ट एका काकांची. निवृत्त झालेले, पत्नी गेलेली. त्यांच्या चिठ्ठीवर होतं ‘अर्थाच्या शोधात’, म्हणजे व्हिक्टर फ्रँकल यांचं पुस्तक. फ्रँकल व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ. ज्यू म्हणून नाझींनी त्यांना छळछावण्यांत टाकलं. १९४५ मध्ये ते सुटले तेव्हा आई, वडील, भाऊ, पत्नी, यांच्यापैकी कुणीच उरलं नव्हतं. १९४६ मध्ये त्यांचं हे पुस्तक आलं. ते त्यांनी अवघ्या नऊ दिवसांत सांगून लिहून घेतलं होतं. समुपदेशनात हे पुस्तक सुचवतात ते धीर यावा म्हणून. काकांनी ते आठवड्याच्या आत परत आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “या माणसाने काय काय सोसलं, आणि मला साधी बायकोची साडी कपाटातून काढवत नाही. लाज वाटली मला.”

मी हे कधीच ऐकलं नव्हतं, की धीर देणारं पुस्तक एखाद्याला खाली दाबू शकतं. पण विचार केला तर किती स्वाभाविक आहे. आपल्या घरांत दुःखाची तुलना रोजच चालते. तिचं बघ, तुझं काय एवढं. काकांना ते पुस्तक त्याच आवाजात बोलल्यासारखं वाटलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की हे शब्द जसेच्या तसे तिथे जाऊन सांगा. त्यांनी सांगितले. पुढच्या खेपेला आले तेव्हा तेच पुस्तक पुन्हा मागितलं. त्यांच्या समुपदेशक बाईंनी त्यांना त्यातली एक जागा उघडून दाखवली होती. तिथे फ्रँकल म्हणतात, की दुःख मोठं असो की लहान, ते बंद खोलीत सोडलेल्या वायूसारखं मन पूर्ण व्यापतं, म्हणून त्याचं मोजमाप करण्यात अर्थ नाही. छावणीतून आलेल्या माणसानेच हे लिहून ठेवलं आहे. काकांच्या नजरेतून ती जागा निसटली होती. शरमेचं बोलले नसते तर ती त्यांना कुणी दाखवली असती?

सगळ्याच गोष्टी अशा वळत नाहीत. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारी एक मुलगी सुट्टीत घरी आली होती. तिला बेसेल व्हॅन डर कोक यांचं ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ सुचवलं होतं. मनावर झालेले आघात शरीरात कसे मुक्काम करतात हे सांगणारं २०१४ चं पुस्तक आहे. जगभर गाजलं, आणि गाजण्याजोगं आहे. पण त्याच्या पहिल्याच प्रकरणात व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या एका सैनिकाने तिथे मुलांना मारल्याचा, एका स्त्रीवर बलात्कार केल्याचा उल्लेख आहे. जिच्या स्वतःच्या अंगावर काही गुदरलंय तिने ते रात्री एकटीने खोलीत वाचावं? तिने पुस्तक माझ्यासमोर ठेवलं, विकत घेतलेलं, कोरं करकरीत. बसचं तिकीट खूण म्हणून विसाव्या पानाच्या आसपास अडकवलेलं. “वाचनालयाला भेट म्हणून घ्या,” म्हणाली, “मला हे घरात नको.” आणि मग, “मी त्यांच्याकडे परत जाणारच नाहीये. त्यांना माझं काही कळलंच नाही.” मी तिला सांगून पाहिलं, की हेच त्यांना सांग, रागावून सांग, फोनवर सांग. ती गेली की नाही मला माहीत नाही. ते पुस्तक आमच्या इंग्रजी कपाटात आहे. कुणी मागितलं तर पहिल्या प्रकरणात काय आहे ते मी आधी सांगते.

तेव्हा समुपदेशकांना माझी हात जोडून विनंती आहे. चिठ्ठीवर पुस्तकाच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहा. कुठलं प्रकरण वाचायचं, कुठलं सोडायचं, एवढी ओळ. आणि कुणाला इंग्रजी किती पेलतं ते बघून नाव द्या. मराठीत आपल्याकडे चांगलं काम झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांनी मुंबईत बसून रुजवली, एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णींची ‘विषादयोग’, ‘स्वभाव-विभाव’ ही पुस्तकं आमच्याकडे सतत बाहेर असतात. ‘विषादयोग’ची आमची प्रत दोनदा बांधून घ्यावी लागली.

घरच्यांसाठीही एक सांगणं आहे. पुस्तक घरी आलं की ते आधी नवरा वाचतो, दीर वाचतो, आणि मग जेवताना सुरू होतं, “बघ, यात लिहिलंय, तूच चुकीचा विचार करतेस.” असं करू नका हो. तिला दिलेलं पुस्तक तिच्यावर उगारलं गेलं, की ती ते मिटते आणि स्वतःही मिटते. तुम्हाला वाचायचंच असेल तर खिडकीवर या, दुसरी प्रत मागा, आणि स्वतःबद्दल वाचा.

एक गोष्ट कुठलंही पुस्तक सुचवण्याच्या आधीची. जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणत असेल तर तिथे पुस्तक शोधत बसायचं नाही. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि १४४१६ हा क्रमांक लावायचा. केंद्र सरकारची ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. आमच्या खिडकीच्या काचेवर हा क्रमांक आतल्या बाजूने चिकटवला आहे, मोठ्या अक्षरात.

आणि ज्यांच्या पर्समध्ये या क्षणी ती घडी घातलेली चिठ्ठी आहे त्यांना सांगते. पुस्तक घेऊन जा. आवडलं नाही तर तसं सांगा. राग आला तर कुठल्या पानावर आला ते सांगा. उघडलंच नसेल तर उघडलं नाही म्हणा. मुदत संपत आली असेल तर वाचनालयात फोन करा, आम्ही वाढवून देऊ. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.