खाजगी पैसा आणि आपले रान



वेळणेश्वरला येणारा पाहुणा समुद्र पाहतो, नारळी-पोफळी पाहतो. पाठीमागच्या डोंगराकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या डोंगराविषयी बोलावे म्हणून आम्ही आज उभे आहोत.

गडचिरोलीत वनखात्याची मोठमोठी जंगले आहेत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक रान मात्र खाजगी मालकीचे. मालकाला नड लागली, मुलीचे लग्न निघाले, की ठेकेदार येतो, सबंध डोंगर उक्ता घेतो आणि लाकूड ट्रकने जाते. पुन्हा फूट येते, पुन्हा तोड होते. यात आम्ही मालकाला दोष देणार नाही. उभ्या झाडाचे पैसे त्याला आजवर दिले कोणी?

तसे पैसे देण्याचा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात झाला आहे. पुण्याच्या अप्लाईड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने रानमालकांशी करार केले: ठराविक वर्षे तोड करायची नाही, त्याबदली मोबदला घ्यायचा. पुढे त्रिफळ्यात लागणारा बेहडा इंग्लंडच्या पुक्का हर्ब्स या कंपनीने तेथून घेतला. हा व्यवहार 'फेअरवाइल्ड' नावाच्या नियमावलीने होतो. सगळी फळे ओरबाडायची नाहीत, गोळा करणाऱ्याला रास्त दर द्यायचा आणि वर काही रक्कम त्यांच्या सामाईक निधीत टाकायची. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. फळाला गिऱ्हाईक मिळाले म्हणून झाड वाचते, आणि झाडाबरोबर पक्षीही.

दुसरा पैसा कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि त्यात पर्यावरणही येते. पण रोपे लावून फोटो काढला की पुष्कळांचे समाधान होते. आमच्या मते नवी रोपे लावण्याआधी उभे रान राखावे. ते स्वस्तही पडते.

आता मुख्य अडचण. पैसा सातबारा पाहून येतो. कोकणात जमीन कोणाच्या नावावर राहिली हे आपल्याला सांगायला नको. डॉ. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा झाला तो १९४९ साली. तरी आपल्यातली कितीतरी घरे आजही भूमिहीन आहेत. मालकाने तोडबंदीचा करार केला, की सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईची वाट बंद होते, आणि मोबदला जातो मालकाला. ज्यांच्याकडे तुकडा आहे, त्यांची गत निराळी: एका सातबाऱ्यावर पंचवीस नावे, निम्मी मंडळी मुंबईला! सही कोणाची घ्यायची?

म्हणून खाजगी पैशाला आमचा विरोध नाही, पण करारात गोळा करणाऱ्याचे नाव हवे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. आपली जमीन खाजगी असल्यामुळे तो कायदा इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु करार मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा, एवढे तर आपण म्हणू शकतो.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत एक वही घालावी. आपल्या वाडीतून रानात कोण जाते, काय आणते, कोणत्या महिन्यात आणते, एवढे त्यात लिहावे. कंपनीचा माणूस सातबारा घेऊन येईल, तेव्हा ही वही त्याच्यापुढे ठेवता येईल.