काकांचे ब्रश आणि आमची चूक
(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

व्याख्यानमालेत आमच्यासारख्यांना बोलवायचं म्हणजे जरा धाडसच. आम्ही तिघे सरकारी नोकर. दिवसा बांधकाम खात्याचे नकाशे आणि संध्याकाळी गणपतीचा देखावा, एवढाच आमचा पसारा. आज बोलणार आहोत ते संगणकावर चित्र काढताना वापरायच्या ब्रशांबद्दल. ते जपले नाहीत तर काय होतं, ते आम्ही भोगलं आहे.

रंगमंचामागचा पडदा कित्येक वर्षं आपले चित्रकार काका रंगवायचे, हे तुम्हाला सांगायला नको. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली जिथे बेंद्रे आणि हुसेन शिकले, त्या इंदुरात आपण राहतो, असं ते दर वर्षी एकदा तरी ऐकवायचे. हात कापू लागला तेव्हा आम्ही त्यांना पेनाची पाटी आणि क्रिता आणून दिलं. क्रिता फुकट मिळतं. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू, हे कळल्यावर काका खूश झाले. पण त्यातले तयार ब्रश पाहून म्हणाले, "हे सगळे गुळगुळीत आहेत रे. माझी शेंडी कुठाय?"

शेंडी म्हणजे नारळाची. काथ्या ठेचून केलेल्या ब्रशानेच ते दगडी भिंती रंगवत. मग त्यांनी कागदावर शाईचे ठसे काढले, आम्ही ते स्कॅन करून त्यांच्या ब्रशटिपा केल्या. एफ ५ दाबलं की ब्रशाची खिडकी उघडते. पेनावर किती दाब दिला की रेघ किती जाड, किती फिकट, हे तिथे ठरवता येतं. काका काढून बघायचे, मान हलवायचे, आम्ही दाबाची वक्ररेषा थोडी खाली ओढायचो. अशा महिनाभराच्या बैठकांतून चौदा ब्रश झाले. नावं त्यांचीच: शेंडी-ओली, शेंडी-सुकी, मखमल, मळभ.

गेल्या पौषात काका गेले. मध्यंतरी संगणक बिघडला होता, म्हणून फॉरमॅट केला होता. चित्रांच्या सगळ्या फाइली आम्ही आधी काढून ठेवल्या होत्या. ज्येष्ठात यंदाच्या पडद्याला बसलो तर चित्रं जागेवर आणि ब्रश एकही नाही! ब्रश चित्राच्या फाइलीत नसतात. विंडोजवर ते ॲपडेटामधल्या क्रिताच्या फोल्डरमध्ये असतात, आणि ॲपडेटा एरवी लपलेला असतो. तिथे आम्ही पाहिलंच नव्हतं. दफ्तरात नकाशाची एक भिंत सरकली तरी आर-१, आर-२ अशी नवी आवृत्ती नोंदवणारे आम्ही, आणि घरी ही तऱ्हा.

काकूंनी कपाटातून शाईच्या ठशांचे कागद काढून दिले. म्हणजे टिपा मिळाल्या. दाबाची मापं मात्र गेली होती. शेवटी एका जुन्या ई-मेलमध्ये सहा ब्रश सापडले, काकांनी पुण्याच्या पुतण्याला पाठवायला लावलेले. क्रिताचा ब्रश म्हणजे केपीपी फाइल, आणि ती मुळात एक छोटं पीएनजी चित्रच असतं, त्याच्या पोटात सगळी मापं लिहिलेली. आमच्या त्या फाइलींत मापं होती, टीप नव्हती. टीप कागदावर, मापं मेलमध्ये. दोन्ही जोडली तेव्हा शेंडी-ओली पुन्हा उठली. पहिली रेघ काकूंनी ओढली.

आता काय करतो ते थोडक्यात. बदल केला की 'ओव्हरराइट' दाबत नाही, नवा ब्रश म्हणून जतन करतो आणि नावापुढे महिना-वर्ष घालतो. प्रत्येकाला टॅग लावतो: भिंत, आकाश, वस्त्र. उजवं बटण दाबल्यावर जी चकती येते, तिच्यात निवडलेल्या टॅगचेच ब्रश दिसतात. शंभरांतून शोधत बसावं लागत नाही. टॅग कामावरून ठेवा, 'माझे आवडते' असा ठेवू नका; चार महिन्यांत सगळेच आवडते होतात. मग रिसोर्स मॅनेजरमधून त्या सगळ्यांचा एक बंडल करतो, आणि त्यात टिपा आल्या आहेत ना, हे दुसऱ्या संगणकावर उघडून बघतो. हे बघणं कंटाळवाणं आहे, पण चूक कळते ती तिथेच. बंडलची एक प्रत मंडळाच्या कपाटात, एक काकूंकडे, एक आमच्याकडे.

आठ ब्रश अजून अर्धेच आहेत. टीप काकांची, दाब आमच्या अंदाजाचा. शेंडी-सुकी तर जमतच नाही. यंदाच्या पडद्यावर डावीकडची भिंत नीट पाहा, फरक दिसेल. काकांनी तुमच्यापैकी कुणाला काही पाठवलं असेल, तर जुना मेल, पेनड्राइव्ह एकदा चाळा. शेवटी केपीपी असलेली फाइल दिसली तर आहे तशी द्या, व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. स्क्रीनचा फोटो काढून पाठवलात तर वरचं चित्र येईल, आतली मापं येणार नाहीत. विसर्जनापर्यंत रोज आरतीनंतर आम्ही मंचामागेच असतो.