पुडीतला निरोप

पडद्यामागे नाचाचे कपडे घालून माझं भाषण कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

पाहुण्यांचं भाषण ही दोन नाचांच्या मधली शिक्षा असते. याच कॉलेजात मी ती तीन वर्षं भोगली आहे, त्यामुळे लांबण लावणार नाही. मघाशी फिशपाँड वाचले गेले. चिठ्ठी कुणी टाकली ते कळत नाही, पण ज्याला लागायची त्याला बरोबर लागते. मला अशाच चिठ्ठ्यांबद्दल सांगायचंय. त्या टाकतो मलेरियाचा परजीवी.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात बावीस वर्षं रक्ताच्या काचा बघितल्या. बोटाला टोचायचं, काचेवर एक जाड आणि एक पातळ थर घ्यायचा, जेएसबीने रंगवायचं, तेलाचा थेंब टाकून शंभर क्षेत्रं बघायची आणि मगच ‘निगेटिव्ह’ लिहायचं. पावसाळ्यात काचांचा असा ढीग पडतो की रात्री डोळे मिटले तरी अंगठ्या दिसतात. हो, अंगठ्याच. फाल्सिपेरम जातीचा परजीवी लहान असताना तसाच दिसतो: निळी कडी आणि वर लाल खडा.

इतकी वर्षं माझी समजूत अशी की प्रत्येक अंगठी आपापल्या खोलीत एकटी. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, नवीन प्रथिनं बनवायची सोय नाही. म्हणजे सामानसुमान नसलेली भाड्याची खोली. परजीवी आत शिरतो, हिमोग्लोबिन खातो, 48 तासांत एकाचे 16 ते 32 होतात, खोली फुटते आणि रोग्याला हुडहुडी भरते. शेजारपाजाऱ्यांशी त्याचा काही संबंध असेल, असं मनातही आलं नाही.

2013 साली दोन शोधनिबंध आले. एक मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेतून, नेटा रेगेव्ह-रुडझ्की आणि अ‍ॅलन काउमन यांच्या गटाचा. दुसरा अमेरिकेतल्या हार्वर्डमधून, मथियास मार्टी यांच्या गटाचा. मेलबर्नचा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो सांगायला सोपा आहे. त्यांनी परजीवींचे दोन वाण घेतले. एकात पहिल्या औषधाला दाद न देणारा जनुक घातला, दुसऱ्यात दुसऱ्या औषधाला. दोन्ही वाण एकाच भांड्यात वाढवले आणि वरून दोन्ही औषधं ओतली. हिशेबाने सगळे मरायला हवेत. पण काही जगले! ज्याच्याकडे जे नव्हतं, ते त्याला शेजाऱ्याकडून मिळालं होतं.

मिळालं कसं? पुडीतून. परजीवी ज्या तांबड्या पेशीत राहतो, तिच्यातून अतिसूक्ष्म पिशव्या सुटतात. शास्त्रात त्यांना व्हेसिकल म्हणतात. आपण पुडी म्हणू. प्रथिनं, जनुकीय मजकूर असं बरंच काही पुडीत बांधलेलं असतं. साधारण शंभर पुड्या ओळीने लावल्या तर एका तांबड्या पेशीची रुंदी भरेल. आमच्या सूक्ष्मदर्शकातून पुडी दिसणं शक्यच नव्हतं. ही पुडी दुसऱ्या बाधित पेशीत शिरते. परजीवीचं पीटीपी-2 नावाचं एक प्रथिन काढून टाकलं, तर हा टपालव्यवहार मंदावतो, हेही त्यांनी दाखवलं.

इथे एक सांगून ठेवते. ते जनुक प्रयोगशाळेत मुद्दाम घातलेले होते. गावात औषधांना दाद न देणारा मलेरिया असाच पसरतो, असा अर्थ कृपया घरी घेऊन जाऊ नका.

खरी गोष्ट पुढेच आहे. पुड्या मिळालेल्या परजीवींपैकी जास्त जण नर-मादी रूप घेऊ लागले. हार्वर्डच्या गटाला तर असं दिसलं की पुड्यांचा डोस जितका जास्त, तितकी ही रूपं जास्त. रक्तात राहून वाढत राहणारा परजीवी डासात जगत नाही. डासातून पुढच्या माणसापर्यंत जायचं, तर हे रूप घ्यावंच लागतं. म्हणजे पुडीतला निरोप निघायच्या तयारीचा. आपल्या भाषेत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, ते परजीवीला कुणी शिकवले कोण जाणे.

अर्थात निघायचं ठरवायला एवढी एकच खूण नसते. 2017 मध्ये मार्टी यांच्याच गटाने दाखवलं की रक्तातला एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ कमी झाला, तरी परजीवी हीच वाट धरतो.

गंमत म्हणजे अशा पुड्या पहिल्यांदा सापडल्या त्याही तांबड्या पेशींतच, मलेरियाशी काही संबंध नसताना. 1983 साली माँट्रियलमध्ये रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशी तपासत होत्या. पेशी पिकताना नको ते प्रथिन पुड्या बांधून बाहेर टाकते, असं त्यांना दिसलं. पुढे कितीतरी वर्षं बहुतेकांनी त्याला पेशीने काढलेला केर समजून सोडून दिलं. केरात चिठ्ठ्या असतील, हे कुणाच्या ध्यानात येणार!

फाल्सिपेरमचं ते नर-मादी रूप मात्र मला काचेवर दिसतं. अगदी कपाळावरच्या चंद्रकोरीसारखं. तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, आणि त्यातले बरेच दिवस ते हाडांच्या मगजात दडून असतं. डासांत मलेरियाचा परजीवी शोधणारे रोनाल्ड रॉस सिकंदराबादेत रक्तात चंद्रकोरी असलेले रोगीच शोधत होते. त्यांतल्या हुसेन खानला डास चावून घेण्याबद्दल दर डासामागे एक आणा मिळाला, आणि 20 ऑगस्ट 1897 रोजी त्या डासांपैकी एकाच्या पोटात परजीवी सापडला.

माझी चंद्रकोर धानोरा तालुक्यातली. नऊ-दहा वर्षांचा पोरगा, फाल्सिपेरमने फणफणलेला. उपचार झाले, तिसऱ्या दिवशी तो अंगणात विटीदांडू खेळत होता. दोन आठवड्यांनी पाठपुराव्याची काच आली. एकही अंगठी नाही, पण चंद्रकोरी? एका क्षेत्रात तीन-तीन. आरोग्यसेवक घरी गेला, तर आजीने प्रायमाक्विनच्या गोळ्या कनवटीला बांधून ठेवलेल्या. ‘ताप तर गेला, मग गोळी कशाला वाया घालवू? पुढच्या तापाला होईल.’ आजीचं काय चुकलं? तापाच्या इतर गोळ्या तिने वेळच्या वेळी दिल्या होत्या. प्रायमाक्विन त्या पोरासाठी नसून शेजारच्या पोरांसाठी आहे, कारण पक्क्या झालेल्या चंद्रकोरी तीच मारते, हे आम्हीच तिला नीट सांगितलं नव्हतं. ती चूक आमच्याकडे जमा.

अध्यक्ष घड्याळ बघायला लागलेत, तेव्हा थांबते. आता जानेवारी आहे, डास कमी आहेत, नाच सुखाने होऊ द्या. जुलैत आशाताई दाराशी येईल. त्या दिवशी अंगात ताप नसला तरी तिच्यापुढे बोट करा. आणि तिने दिलेल्या गोळ्या घरात कुणाच्या कनवटीला दिसल्या, तर सोडून आणा.