यंत्रांच्या कपाटाला जागा
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, घर बांधावयाचें झाल्यास आपण जमीन पाहतों, विहीर खणावयाची झाल्यास पाणाड्याला बोलावतों. परंतु संगणकांचें जाळें जोडणारीं महागडीं यंत्रें आलीं कीं "बसवा कोठें तरी कोपऱ्यांत" असें म्हणून मोकळे होतों. मींही एकदां असेंच म्हटलें होतें, आणि त्या वाक्याची किंमत दुसऱ्याच मनुष्यानें दिली. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. मी विद्युत्शास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मराठी शाळेंतून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. तेव्हां सांगेन तें पुस्तकांतलें थोडें व अनुभवांतलें अधिक, असें समजावें.

कोंकणांतील ज्या शाळेंत मी होतों, तेथें संगणकांची खोली झाली. सर्व तारा जेथें एकत्र येतात तो स्विच, बाहेरच्या जगाशीं गांठ घालणारा राउटर आणि वीज गेल्यावर थोडा वेळ काम चालविणारा यूपीएस, हीं सर्व एका लोखंडी कपाटांत बसवितात. त्याला रॅक म्हणतात. आंत बसणाऱ्या यंत्रांच्या तोंडाची रुंदी जगभर १९ इंच ठरलेली आहे. जागेचा प्रश्न निघाला तेव्हां जिन्याखालची अडगळ मींच सुचविली. जागा फुकट, नजरेआड, शिवाय कुलूप लावतां येण्याजोगी! वरून टाकीचा नळ जातो व मागची जांभ्या दगडाची भिंत आषाढांत ओलीचिंब होते, हें रोज पाहत असूनही मनांत आलें नाहीं.

कांहीं महिन्यांनीं मुलें म्हणूं लागलीं, "गुरुजी, कपाटाला हात लावला कीं मुंग्या येतात." आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. वास्तविक ती पूर्वसूचना होती. अशा यंत्रांत विजेंतील खरखर गाळणारीं साधनें असतात. त्यांतून अल्पसा प्रवाह पत्र्याकडे झिरपतो, आणि अर्थिंगची तार तो निमूटपणें जमिनींत नेऊन सोडते. मुंग्या आल्या म्हणजे ती वाट बंद आहे असें समजावें. आमची कां बंद पडली? बसविणारानें तार जुन्या लोखंडी नळाला गुंडाळली होती, आणि मध्यंतरीं त्या नळाचा जमिनींतील भाग काढून शाळेनें प्लास्टिकचा घातला होता. तार दिसावयास जागच्या जागीं. भूमीशीं नातें मात्र तुटलेलें!

पावसाळ्यांत एके सकाळीं कपाटांत पाणी उतरलें. आमचे शिपाईमामा ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दार उघडावयास गेले आणि तेथेंच चिकटले. सातवींतल्या एका मुलीनें धांवत जाऊन मुख्य बटण बंद केलें, म्हणून मामा वाचले. परंतु उजव्या हाताचीं दोन बोटें पुढें कधीं नीट मिटलीं नाहींत. ते मला एका शब्दानें बोलले नाहींत, हेंच मला अधिक लागतें.

दुसऱ्या खेपेस आम्हीं आधीं खोली पाहिली नाहीं. अर्थिंगच्या खड्ड्याची जागा पाहिली. खड्ड्यांत धातूची नळी उभी करून भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर देतात. आमच्याकडे सगळा कातळ. उन्हाळ्यांत तो असा सुकतो कीं वीज त्यांत मुरत नाहीं. म्हणून चैत्र-वैशाखांत त्या खड्ड्यांत पाणी ओतीत राहावें लागतें, आणि रोध मोजून घ्यावयाचा तोही उन्हाळ्यांतच. पावसाळ्यांतलें माप फसवें असतें. शिवाय ३० मिलिअँपिअर एवढी गळती होतांच प्रवाह तोडणारें आरसीसीबी नांवाचें बटण लावून घेतलें. त्याची किंमत ऐकून पूर्वीं मींच नाक मुरडलें होतें.

मग खोली. पश्चिमेचें ऊन ज्या भिंतीवर पडत नाहीं ती निवडली, डोक्यावर नळ नाहीं याची खात्री केली, कपाट चौथऱ्यावर चढविलें आणि मागें माणूस शिरेल एवढी जागा सोडली. यंत्रांस १८ ते २७ अंश सेल्सियस तपमान मानवतें म्हणतात. आमच्या वैशाखांत तें माणसांसही मिळत नाहीं! निदान ऊन हवा वरून निघून जावी एवढें पाहिलें, आणि झरोक्यांस बारीक जाळी मारली, कारण उंदीर व पाली यांना उबेचें फार प्रेम. शिश्याच्या बॅटऱ्या भरतांना ज्वालाग्राही हायड्रोजन सुटूं शकतो, म्हणूनही खोली हवाबंद नसावी. कार्बन डाय-ऑक्साइडचें अग्निशामक नळकांडें मात्र दाराबाहेर टांगावें. आग आंत लागते.

तांब्याची तार एका टप्प्यांत १०० मीटरांपलीकडे नेतां येत नाहीं, यास्तव कपाट सर्व वर्गांच्या मध्यावर पडलें तर बरें. पलीकडच्या इमारतींत जावयाचें असल्यास तांबें नकोच. मृगाच्या आधींच्या गडगडाटांत तांबें वीज घरांत आणतें. कांचतंतूंतून केवळ प्रकाश जातो. तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु इजा करूं शकतो. म्हणून तुटक्या टोंकांत डोकावूं नये.

गेल्या महिन्यांत आमच्या वाचनालयाच्या चालकांनीं असेंच कपाट घेतलें आणि जागा पाहावयास मला बोलावलें. मी मामांना बरोबर नेलें. चालकांनीं मोठ्या उत्साहानें जिन्याखालचा कोनाडा दाखविला. मामांनीं वर छताकडे पाहिलें, भिंतीवर डावा हात फिरविला आणि विचारलें, "टाकीचा नळ कोठून जातो?"