कृतज्ञ माणसाची साक्ष



अध्यक्षीय भाषणात आधी आभार मानावेत, मग इतिहास सांगावा आणि शेवटी आशा दाखवावी, असा रिवाज आहे. पुण्यातल्या वारजेकर यजमानांचे आभार मनापासून मानतो आणि थेट भांडणावर येतो. भांडण आपल्याच घरातलं, व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांमधलं आहे. एकाच सेंटरमध्ये, एकाच सुमारास राहून गेलेले दोघे. एक म्हणतो, "तिथं फटके पडले म्हणून मी आज जिवंत आहे." दुसरा म्हणतो, "त्याला उपचार म्हणू नका, तो छळ होता." पहिल्याला आपण वर्धापनदिनाला बोलावतो, शाल देतो, माईक देतो. दुसऱ्याविषयी समिती-बैठकीत हळूच म्हणतो, "अजून डिनायलमध्ये आहे बिचारा." म्हणजे त्याची तक्रार हेच त्याच्या आजाराचं लक्षण! अशा व्यवस्थेत तक्रार करायची तरी कशी, हे मला कुणी समजावून सांगावं.

हे भांडण जगात बऱ्याच ठिकाणी झालं आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला १९७६ मध्ये 'स्ट्रेट' नावाची संस्था निघाली. किशोरवयीन मुलांची नशा सोडवायची, हे तिचं काम. पुढे इतर राज्यांत शाखा झाल्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी तिचं कौतुक केलं. १९८५ मध्ये त्यांच्याबरोबर राजकन्या डायनासुद्धा व्हर्जिनियातली शाखा पाहून आल्या. आतला कारभार असा : मुलं दिवसभर खुर्च्यांवर ताठ बसायची, बोलायची पाळी मिळावी म्हणून जोरजोरात हात झटकायची आणि पाळी आली की सगळ्यांसमोर आपल्या चुका कबूल करायची. नव्या मुलाची पँट कमरेपाशी जुन्या मुलाच्या मुठीत असायची, संडासला जातानाही. रात्री त्याला स्वतःच्या घरी जाऊ देत नसत. जुन्या मुलाच्या घरी कोंडून ठेवत. एक कॉलेजचा विद्यार्थी तिथं आपल्या भावाला भेटायला गेला आणि त्यालाच ठेवून घेतलं. त्यानं दावा लावला. १९८३ मध्ये ज्युरीनं बेकायदा डांबल्याबद्दल त्याला २ लाख २० हजार डॉलर भरपाई दिली. संस्था मात्र आणखी दहा वर्षं चालली. १९९३ मध्ये बंद झाली.

त्या वेळची मुलं आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यातले पुष्कळ जण तो छळ होता म्हणतात. काही जण ठामपणे उलट सांगतात, की आमचा जीव वाचला, मारहाण वगैरे आम्ही काही पाहिली नाही. यांना खोटारडे ठरवायची घाई मी करणार नाही. शाखा वेगळी, वर्ष वेगळं, प्रमुख वेगळा, तर अनुभवही वेगळा असू शकतो. पण त्या मुठीकडे परत बघा. नवा मुलगा काही महिन्यांनी जुना होतो आणि मग दुसऱ्या कुणाची तरी पँट त्याच्या हातात येते. 'तो छळ होता' असं म्हणायचं, तर त्याला स्वतःच्या हाताविषयीही बोलावं लागतं. सोळाव्या वर्षी आपण एका रडणाऱ्या पोराला दाबून धरलं होतं, हे चाळीस वर्षांनी कबूल करणं सोपं नाही. त्यापेक्षा 'ती गरज होती' हे वाक्य जवळचं वाटतं. आपल्याकडेही सेंटरमध्ये 'सीनिअर' असतात. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, चालू असलेल्या नव्या पेशंटवर रात्री लक्ष ठेवायला कोण असतं? बहुतेक वेळा दोन महिन्यांपूर्वीचा पेशंट. बिनपगारी, बिनप्रशिक्षित, आणि आपली सुटका लवकर व्हावी म्हणून प्रमुखांना खूश ठेवायला धडपडणारा. त्याच्या साक्षीवर आपण आपली प्रतिष्ठा उभी करतो.

आता इटलीकडे या. रिमिनीजवळ १९७८ मध्ये व्हिन्चेन्झो मुच्चोली यांनी 'सान पात्रिन्यानो' ही वसाहत सुरू केली. हेरॉइननं पोखरलेल्या मुलांना तिथं फुकट आसरा आणि काम मिळे. १९८० मध्ये पोलिसांना तिथं काही जण साखळदंडानं बांधलेले सापडले. खटला उभा राहिला, तेव्हा तिथले रहिवासी आणि आईवडील मुच्चोलींच्याच बाजूनं उभे राहिले. त्यांनी आमची मुलं परत दिली, असं आया सांगत होत्या. १९८५ मध्ये शिक्षा झाली, अपिलात ती रद्द झाली. देशातले पुष्कळ जण भारावले. आणि १९८९ मध्ये त्याच वसाहतीत रोबेर्तो मारान्झानो नावाच्या रहिवाशाला इतर रहिवाशांनी मारून टाकलं. प्रेत दूर नेपल्सकडे नेऊन टाकलं. ही गोष्ट बाहेर यायला पुढची काही वर्षं गेली. आयांची कृतज्ञता खरी होती, यात मला शंका नाही. मारान्झानोची साक्ष मात्र कुणी घेऊ शकलं नाही.

वर्धापनदिनाच्या मंचावर जे येत नाहीत, त्यांचा हिशेब आपण कसा ठेवतो? रजिस्टरमध्ये 'पळून गेला' एवढीच नोंद असते. का पळाला, हा रकाना मी तरी कुठल्या रजिस्टरमध्ये पाहिलेला नाही.

पुण्यात बसून हे बोलताना 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राचं नाव घ्यायलाच हवं. लेखक अनिल अवचटांचं गर्दच्या व्यसनावरचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र उभं केलं. तिथंही बरे झालेले पेशंट कार्यकर्ते झाले. पण त्यांच्या हाती धाक दिला गेला नाही. गाणी, गप्पा, गटचर्चा आणि घरच्यांशी संवाद दिला गेला. म्हणजे जबरदस्तीशिवाय या शहरात काम होत नाही, असं म्हणायची सोय आपल्याला उरलेली नाही.

तरीही पेशंटला उचलून नेणाऱ्या सेंटरच्या गाड्या फिरतातच. घरून फोन जातो, चार जण येतात, पोराला उचलतात. पहिला महिना भेट नाही, फोन नाही. मी पालकांना दोष देत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कुरकुंभच्या कारखान्यात मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा, प्रचंड साठा सापडला. ज्या घरात एमडीची पुडी आली, देव्हाऱ्यातली चांदी गेली, आईवर हात उगारला गेला, त्या घराला रात्री दोन वाजता कायद्याचं पुस्तक सुचत नाही. 'घेऊन जातो, तुम्ही काळजी करू नका' म्हणणारा माणूस त्यांना देवदूत वाटतो. म्हणूनच त्या घराच्या वतीनं कायदा आपल्याला माहीत हवा.

आणि कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांनाही लागू होतो. साखळीनं बांधायला पूर्ण मनाई. एकांतकोठडीला मनाई. शरीर बांधायचंच झालं तर तातडीचा धोका टाळण्यापुरतं, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं, कारण आणि वेळ लिहून ठेवून. शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि माणसं कमी आहेत एवढ्याच कारणानंही नाही. हे शेवटचं कलम कुणीतरी रात्रपाळी पाहून लिहिलं असावं! अठराच्या आतला पेशंट असेल तर घरचा किंवा घरच्यांनी नेमलेला माणूस पूर्ण काळ त्याच्यासोबत राहिला पाहिजे. 'महिनाभर भेट नाही' हा नियम आणि हे कलम शेजारी ठेवून वाचा. पेशंट पुढे सुधारला का, कृतज्ञ आहे का, हे या कलमांत कुठंही विचारलेलं नाही. अगदी योग्य केलं. फटके खाऊन सुधारलेला माणूस फटक्यांमुळे सुधारला की फटके खाऊनही सुधारला, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

काही तक्रारी खोट्या असतात, रागातून केलेल्या असतात, हे मलाही ठाऊक आहे. अशा वेळी आपली बाजू सावरायला बांधल्याच्या नोंदीची वही, दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाणारा अहवाल आणि बाहेरच्या डॉक्टरची भेट, एवढं उपयोगी पडतं. शाल पांघरलेला माजी पेशंट तिथं कामाचा नाही.

याच वारज्यात सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून आहे. आयुष्याच्या अखेरीस आलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला तिथं विचारतात, तुम्हाला काय हवं, काय नको. सतरा वर्षांच्या पोराला तेवढंही विचारायला आपल्याला वेळ नसतो.

दुपारचं सत्र मी आयोजकांना सांगून बदलून घेतलं आहे. एकाच सेंटरमध्ये राहिलेले, एकमेकांचं म्हणणं अजिबात न पटणारे दोघे जण बोलायला तयार झाले आहेत. सेंटरचं नाव घेतलं जाणार नाही. दोघांना सारखाच वेळ आहे. प्रश्न विचारणाऱ्यांना एकच विनंती : किती दिवस क्लीन आहात, हा प्रश्न कुणालाही विचारू नका. जेवणानंतर बरोबर अडीचला सुरू करू.