छोटा धंदा, मंदीचे दिवस आणि हातातला मोबाईल

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज आम्हाला बोलायचे आहे ते पोटापाण्याविषयी. आपल्या घराघरांत जे छोटे छोटे धंदे चालतात ते मंदीच्या दिवसांत कसे तगतील आणि त्यासाठी हातातल्या मोबाईलचा काय उपयोग करता येईल, एवढाच आमचा विषय आहे.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे एकूण उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज सरकारनेच जाहीर केला होता. हा झाला कागदावरचा आकडा. आपल्या वस्तीत त्याचा अर्थ होता कंत्राटी नोकरी गेली, घरकाम सुटले, रिक्षा दारात उभी राहिली. तेव्हा कुणी कांदा-लसूण मसाला करायला घेतला, कुणी डबे सुरू केले, कुणी माळ्यावरची शिलाई मशीन खाली काढली. टाळेबंदी उठली, पण सगळ्यांच्या नोकऱ्या काही परत आल्या नाहीत. म्हणून हे धंदे आजही चालू आहेत आणि कित्येक घरांचा किराणा त्यांवरच भरतो आहे.

पण यात एक अडचण आहे. आपले गिऱ्हाईक कोण? आपलीच गल्ली! गल्लीतल्या माणसांचे रोजगार एकमेकांसारखेच. एका कंपनीने कंत्राटी कामगार कमी केले की दहा घरांचा पगार एकदम थांबतो. मग तीच दहा घरे मसाला उधार नेतात, ब्लाऊज शिवायचे पुढे ढकलतात. माल चांगला असूनही धंदा बसतो. याचा अर्थ आपल्या गिऱ्हाइकांत वेगवेगळ्या कामधंद्याची, वेगवेगळ्या भागांतली माणसे असली पाहिजेत. एकीकडे हात आखडला तरी दुसरीकडे चूल पेटती राहील. मोबाईलवरून जाहिरात करायची ती यासाठी.

यावर आमच्या काही भगिनी हळूच विचारतात, "बाहेरच्या लोकांना आपलं आडनाव कळलं तर ते आपल्या हातचा मसाला घेतील का हो?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाबासाहेबांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, तेव्हा जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. जाहिरातीचे दार दुसऱ्याच्या हातात होते. आज ते दार उघडायला कुणाची परवानगी लागत नाही, एवढा फरक नक्की पडला आहे. दुजाभाव करणारे आजही भेटतील. पण जाहिरात शंभर जणांपर्यंत गेली आणि दहा जणांनी तोंड फिरवले, तरी नव्वद उरतात. आमचे म्हणणे असे की नाव लपवून धंदा करू नये. ज्याला चव आवडेल तो पुन्हा येईल.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते बघू या.

पहिली गोष्ट, व्हॉट्सॲप बिझनेस. भारतात हे ॲप २०१८ साली आले आणि छोट्या धंद्याला ते फुकट वापरता येते. त्यात धंद्याचे नाव, वेळ आणि मालाची फोटोसह यादी लावता येते. फोटो आपल्याच मालाचा हवा, दिवसाच्या उजेडात काढलेला. खाली चार गोष्टी लिहा : वजन, भाव, कधी मिळेल, कुठे मिळेल. पुष्कळ जण "भावासाठी संपर्क करा" असे लिहितात. अहो, मंदीत गिऱ्हाईक रुपया मोजून खर्च करते. भाव दिसला नाही तर ते विचारत बसत नाही, पुढच्या दुकानाकडे जाते.

ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेला निरोप ज्याने आपला नंबर मोबाईलमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो, हेही लक्षात ठेवा. म्हणून माल देतानाच "ताई, एवढा नंबर सेव्ह करा" असे सांगायचे. आणि रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवू नका! आठवड्यातून एकदा, कामाचे तेवढेच पाठवा.

दुसरी गोष्ट, गूगलच्या नकाशावरची नोंद. तीही फुकट असते. कुणी "जवळचा टेलर" किंवा "घरगुती डबा" असे शोधले तर आपले नाव त्याला दिसू शकते. घरून काम करणाऱ्या भगिनींना घराचा पत्ता सगळ्यांना दाखवायचा नसेल तर तो लपवून नुसता सेवेचा भाग दाखवण्याची सोय आहे. समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळींचा अभिप्राय लिहायची विनंती जरूर करा. मात्र पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय घेणे नियमात बसत नाही. आणि खोटे बोलू नये हे चौथे शील जाहिरातीलाही लागू आहेच की!

तिसरी गोष्ट हिशोबाची. समजा पाव किलो मसाल्याला सामान, कांडप आणि पाकीट मिळून १०० रुपये खर्च आला आणि आपण तो १३० ला विकला. एकच पाकीट पोचवायला ४० रुपये गेले, तर नफा राहिला बाजूलाच, १० रुपये खिशातून गेले! म्हणून भागाप्रमाणे वार ठरवा, ऑर्डरी गोळा करा आणि एका फेरीत पोचवा. पैसे भरून जाहिरात करायची तर आधी फुकटचे मार्ग पुरते वापरून बघा. मग थोड्या रकमेवर थोडे दिवस करून पाहा, किती ऑर्डरी आल्या ते वहीत लिहा. कर्ज काढून जाहिरात करू नका. "पाच हजारांत दहा हजार फॉलोअर मिळवून देतो" असे म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. असले फॉलोअर मसाला विकत घेत नाहीत.

चौथी गोष्ट, गिऱ्हाइकांचे नंबर स्वतःच्या वहीतही लिहून ठेवा. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि ज्यांचा सगळा व्यवहार त्यावरून चाले त्यांचे गिऱ्हाईक एका रात्रीत तुटले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. दुसऱ्याच्या जागेत दुकान मांडले की जागामालक केव्हा काय करील सांगता येत नाही. वही मात्र आपली असते.

कागदपत्रांबद्दल थोडे सांगतो. खाण्याचे पदार्थ विकायचे तर ते घरी केलेले असले तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. आणि माता-भगिनींनो, हे घट्ट लक्षात ठेवा : पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, जरा पिन टाका" असे कुणी म्हणाला की तो लुबाडणारा समजा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

बंधू-भगिनींनो, मोबाईल गिऱ्हाइकाला एकदाच दारापर्यंत आणतो. ते दुसऱ्यांदा येते ते वजन पुरे भरले म्हणून, दिलेल्या दिवशी ब्लाऊज मिळाले म्हणून, खराब निघालेली वस्तू कुरकुर न करता बदलून दिली म्हणून. ही अक्कल आपल्या आयाबायांकडे आधीपासूनच आहे. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या आपल्या आजीला ती कुणी शिकवली नव्हती. तिच्याकडे नव्हता तो फक्त दूरवर हाक मारायचा मार्ग. तो मार्ग आज नातवाच्या खिशात आहे.

म्हणून तरुणांना आमची एक विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक तास इथेच थांबा. एकेकाने वस्तीतला एकेक धंदा वाटून घ्या. त्या ताईशेजारी, त्या काकांशेजारी बसा. फोटो काढून द्या, भाव लिहून द्या, नकाशावर नाव नोंदवून द्या. पण मोबाईल त्यांच्याच हातात ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ते स्वतः करतील. आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी "हे आमच्या वयाचं काम नाही" असे म्हणायचे सोडून द्यायचे. पुढच्या वर्धापन दिनी इथे उभे राहून आपल्यातल्याच एखाद्या भगिनीने वस्तीबाहेरून आलेल्या पहिल्या ऑर्डरीची हकीकत सांगावी, अशी मंगल कामना करतो आणि थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!